पीज टीव्ही : गावांसाठी सुरू झालेलं टीव्ही केंद्र दहा वर्षांत बंद का झालं?

भारतातल्या टीव्हीचा इतिहास सांगताना काही टप्पे ठरलेले असतात. १९५९ मध्ये दिल्लीत सुरुवात, २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र, १९८२ च्या आशियाई स्पर्धा आणि रंगीत टीव्ही, मग ‘हम लोग’, ‘रामायण’ आणि नव्वदच्या दशकातल्या खासगी वाहिन्या.

या यादीत एक नाव सहसा नसतं. ते म्हणजे पीज.

पीज हे गुजरातच्या खेडा जिल्ह्यातलं, नडियादजवळचं एक गाव. १९७५ मध्ये इथे टीव्हीचा एक छोटा प्रक्षेपक उभा राहिला. त्यावरून दिसणारे स्थानिक कार्यक्रम शहरातल्या प्रेक्षकांसाठी बनत नव्हते. ते आसपासच्या गावांतले शेतकरी, शेतमजूर आणि दूध घालणाऱ्या बायकांसाठी, त्यांच्याच बोलीत आणि अनेकदा त्यांनाच कॅमेऱ्यासमोर उभं करून बनवले जायचे. या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. आणि त्याच सुमारास, १९८५ मध्ये, हा प्रक्षेपक बंद करून तो मद्रासला हलवायचं ठरलं.

असं का झालं? आणि त्याच जिल्ह्यातली, त्याच गावांतली दुसरी एक संस्था मात्र आजही कशी टिकून आहे?

टीव्हीसाठी खेडा जिल्हाच का?

ही गोष्ट विक्रम साराभाईंपासून सुरू होते. भारताच्या अंतराळ कार्यक्रमाचा पाया घालणाऱ्या साराभाईंना उपग्रह हवा होता तो मुख्यतः दूरच्या खेड्यांसाठी. बहुतेक देशांत टीव्ही आधी महानगरांत येतो, मग लहान शहरांत आणि शेवटी गावांत पोहोचतो. साराभाईंना हा क्रम उलटा करायचा होता. शेती, आरोग्य आणि शिक्षणाची माहिती जिथे सगळ्यात कमी पोहोचते तिथे टीव्ही सगळ्यात आधी न्यावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी पुढाकार घेतलेल्या ‘कृषी दर्शन’ या प्रयोगात १९६७ मध्ये दिल्लीजवळच्या ८० गावांत सामूहिक टीव्ही संच बसवले गेले होते.

१९६९ मध्ये भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची ‘नासा’ यांच्यात करार झाला. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह भारताला वर्षभर वापरायला मिळणार होता. या प्रयोगाचं नाव ‘सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्सपेरिमेंट’, म्हणजेच ‘साइट’. डिसेंबर १९७१ मध्ये साराभाईंचं निधन झालं, पण काम थांबलं नाही. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचे पहिले संचालक यश पाल आणि त्यांचे सहकारी ते पुढे घेऊन गेले.

या सहकाऱ्यांमध्ये एक मराठी नाव महत्त्वाचं आहे. ते म्हणजे एकनाथ चिटणीस. १९२५ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले चिटणीस साराभाईंचे अगदी सुरुवातीचे साथीदार. ‘साइट’च्या आखणीत त्यांचा मोठा वाटा होता आणि पुढे १९८१ ते १९८५ या काळात ते स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरचे संचालक होते. २०२५ मध्ये, वयाची शंभरी पूर्ण झाल्यावर, पुण्यात त्यांचं निधन झालं.

‘साइट’साठी सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं निवडली गेली होती : राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक. गुजरात या यादीत नव्हतं. पण इस्रोचं टीव्हीचं सगळं काम अहमदाबादेत चालत होतं. तिथून ५० किलोमीटरच्या आसपास असलेल्या खेडा जिल्ह्यात एक वेगळा प्रयोग करायचं ठरलं आणि त्यासाठी पीजला एक किलोवॅटचा प्रक्षेपक बसवला गेला.

खेडा निवडायला आणखी एक कारण होतं. या जिल्ह्यात गावोगावी दूध सोसायट्या होत्या. ‘अमूल’ ज्या संघाचं दूध विकतं तो खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९४६ पासून इथेच काम करत होता. बहुतेक गावांत सोसायटीची इमारत होती, तिथे रोज दोन वेळा माणसं जमत होती. सामूहिक टीव्ही ठेवायला याहून सोयीची जागा मिळणं कठीण होतं.

उपग्रह गेला, पीज राहिलं

‘साइट’ १ ऑगस्ट १९७५ ला सुरू झालं. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी अडीच तास मोठ्यांसाठी कार्यक्रम असायचे. गावातल्या संचाला जाळीची मोठी, सुमारे तीन मीटर व्यासाची थाळी जोडलेली असायची. उपग्रहाचा संकेत थेट त्या थाळीत उतरायचा.

तेव्हाच्या जगात हा मोठा प्रयोग होता, पण त्याला दोन मर्यादा होत्या.

पहिली मर्यादा भाषेची. उपग्रहावरून एका वेळी एकच चित्र आणि दोन ध्वनिमार्ग पाठवता येत होते. म्हणजे आंध्र आणि कर्नाटकातल्या गावांना एकच दृश्य दिसायचं, फक्त आवाज एकीकडे तेलुगू आणि दुसरीकडे कन्नड. साहजिकच कार्यक्रम दोन्हीकडे चालतील असे, म्हणजे थोडे सर्वसाधारण ठेवावे लागायचे.

दुसरी मर्यादा मुदतीची. उपग्रह नासाचा होता आणि वर्षासाठीच मिळाला होता. ३१ जुलै १९७६ ला प्रयोग संपला. उपग्रह दुसरीकडे नेला गेला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या बहुतेक गावांतले संच मुके झाले. भारताचा स्वतःचा इन्सॅट उपग्रह यायला १९८२ साल उजाडणार होतं.

पीजचं मात्र तसं झालं नाही, कारण त्याचा प्रक्षेपक जमिनीवर होता. अहमदाबादच्या स्टुडिओतला कार्यक्रम पीजला पाठवायचा, तिथल्या मनोऱ्यावरून तो आसपासच्या गावांत जायचा आणि साध्या अँटेनावर, साध्या संचावर दिसायचा. उपग्रहाची गरजच नव्हती. त्यामुळे ‘साइट’ संपल्यावरही खेडा जिल्ह्यातलं काम चालू राहिलं. त्याला ‘खेडा कम्युनिकेशन्स प्रोजेक्ट’ म्हणून ओळख मिळाली.

कार्यक्रम कसे बनायचे?

प्रक्षेपक लहान असल्याचा एक मोठा फायदा होता. तो एका जिल्ह्यातल्या काही शे गावांपुरताच पोहोचत होता, त्यामुळे कार्यक्रमही त्याच गावांपुरता विचार करू शकत होता.

फरक समजून घ्यायला मुंबई केंद्राच्या ‘आमची माती, आमची माणसं’ची आठवण उपयोगी पडेल. शेतकऱ्यांसाठीचा हा कार्यक्रम महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. पण तो कोकणातल्या भातशेतीसाठीही होता आणि मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतीसाठीही. खेड्यातल्या कार्यक्रमाला अशी कसरत करावी लागत नव्हती. चरोतर म्हणून ओळखला जाणारा हा पट्टा, इथली भात आणि तंबाखूची शेती, इथल्या म्हशी, इथली चरोतरी बोली, एवढंच त्याचं जग होतं.

स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरच्या गटात निर्माते आणि तंत्रज्ञांबरोबर समाजशास्त्रज्ञही होते. कार्यक्रम बनवायच्या आधी ते गावात जायचे. लोकांना काय माहीत आहे, काय माहीत नाही, कुठली गोष्ट ते उघड बोलतात आणि कुठली टाळतात, हे समजून घ्यायचे. कार्यक्रम दाखवून झाल्यावर पुन्हा जाऊन तो कळला का, पटला का, हे विचारायचे. आज मोठ्या कंपन्या प्रेक्षकांच्या आवडीनिवडीचा अभ्यास करतात तो बहुतेक वेळा विक्रीसाठी असतो. इथे विकायला काहीच नव्हतं, कारण स्थानिक कार्यक्रमांत जाहिरातीच नव्हत्या.

सहज उचलून नेता येतील असे व्हिडिओ कॅमेरेही या कामात वापरले गेले. त्यामुळे चित्रीकरण स्टुडिओबाहेर पडलं. गावातलीच माणसं कलाकार झाली. काही वेळा लेखनातही त्यांचा सहभाग असायचा.

या गटातून पुढे काही ओळखीची नावं तयार झाली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेले दिग्दर्शक केतन मेहता यांनी सुरुवातीच्या काळात इथे काम केलं. अस्पृश्यतेवरचा त्यांचा पहिला चित्रपट ‘भवनी भवाई’ १९८० मध्ये आला. त्यात गुजरातच्या ‘भवाई’ या लोकनाट्याचा बाज आहे. प्रकल्पातले आणखी एक महत्त्वाचे अधिकारी किरण कर्णिक पुढे भारतातल्या डिस्कव्हरी वाहिनीचे आणि नंतर ‘नॅसकॉम’चे प्रमुख झाले.

पडद्यावर काय दिसायचं?

शेती, जनावरांचं आरोग्य, लसीकरण, कुटुंबनियोजन हे विषय होतेच. ते सरकारी टीव्हीवर सगळीकडेच असायचे. खेड्याचं वेगळेपण त्यापुढच्या विषयांत होतं : जातीवरून होणारा भेदभाव, दारू, हुंडा, विधवेचं पुन्हा लग्न, शेतमजुरांचं किमान वेतन.

हे विषय भाषणातून नव्हे तर गोष्टीतून यायचे. ‘चतुर मोटा’ या मालिकेत भवाईच्या शैलीत हुंडा आणि विधवाविवाहाचा विषय हाताळला होता. ‘मोटा’ म्हणजे वडीलधारा माणूस. ‘हुं ने मारा ए’ या मालिकेच्या नावाचं मराठी करायचं तर ‘मी आणि आमचे हे’ असं होईल. नवऱ्याचं नाव न घेण्याची रीत गुजराती घरांतही होती. मालिकेचं नाव ऐकताच आपल्या घरातलं बोलणं कानावर पडल्यासारखं वाटावं, हा त्यामागचा हेतू उघड आहे.

यातला किमान वेतनाचा विषय नीट पाहायला हवा. शेतमजुराला कायद्याने किती मजुरी मिळायला हवी, हे टीव्हीवर सांगणं म्हणजे ती न देणाऱ्या माणसाकडे बोट दाखवणं. आणि तो माणूस बहुतेक वेळा त्याच गावात राहणारा, त्याच संचासमोर बसलेला असतो. दिल्लीहून येणाऱ्या कार्यक्रमात ‘काही ठिकाणी मजुरांवर अन्याय होतो’ एवढंच म्हणता येतं. जिल्ह्यापुरत्या केंद्राला हे ‘काही ठिकाणी’ म्हणायची सोय नव्हती. स्थानिक असण्याची खरी ताकद यात होती आणि धोकाही यातच होता.

हे धाडस शक्य झालं कारण स्थानिक कार्यक्रमांची सूत्रं इस्रोच्या गटाकडे होती. त्यांच्यावर जाहिरातदारांचं ओझं नव्हतं आणि नेहमीच्या सरकारी प्रसारणापेक्षा त्यांना जास्त मोकळीकही होती.

मग बंद का पडलं?

ऐंशीच्या दशकात टीव्हीबद्दलची सरकारी दृष्टी झपाट्याने बदलली. १९८२ मध्ये दिल्लीहून ‘राष्ट्रीय कार्यक्रम’ सुरू झाला. त्याच वर्षी आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रसारण आलं. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह गेला. १९८४ मध्ये काही महिने तर देशात दिवसाला सरासरी एक नवा प्रक्षेपक सुरू होत होता.

वरवर पाहता हे सगळं साराभाईंच्या स्वप्नासारखंच होतं, कारण टीव्ही खेड्यापर्यंत पोहोचत होता. पण हे नवे प्रक्षेपक स्वतःचा कार्यक्रम बनवणारे नव्हते. दिल्लीहून आलेलं प्रसारण पुढे पाठवणं एवढंच त्यांचं काम. त्यांच्या शेजारी स्टुडिओ नव्हता, समाजशास्त्रज्ञ नव्हते, गावात फिरणारा कॅमेरा नव्हता. पडदा गावात आला, पण त्यावर काय दिसणार हे ठरवणारी माणसं आणखी दूर गेली.

जुलै १९८४ मध्ये ‘हम लोग’ सुरू झाली आणि प्रायोजित मालिकांचं युग आलं. जाहिरातींतून पैसा येतो हे दिसल्यावर महानगरांतला प्रेक्षक महत्त्वाचा ठरू लागला. सप्टेंबर १९८४ मध्ये दिल्लीत आणि १ मे १९८५ ला मुंबईत दूरदर्शनची दुसरी वाहिनी आली. पुढची पाळी कोलकाता आणि मद्रासची होती.

मद्रासच्या या दुसऱ्या वाहिनीसाठीच पीजचा प्रक्षेपक हलवायचं ठरलं. कागदावर या निर्णयाला आधार होता. अहमदाबादला जास्त शक्तीचा प्रक्षेपक आला होता, त्यामुळे खेडा जिल्ह्यात दूरदर्शन दिसायचं थांबणार नव्हतं. तांत्रिक हिशेबात पीज ‘जादा’ झालं होतं.

पण हा हिशेब प्रक्षेपकाचा होता, केंद्राचा नव्हता. अहमदाबादहून येणारा संकेत मोठ्या भागासाठी होता. एका जिल्ह्याच्या बोलीत, एका जिल्ह्याच्या भांडणांबद्दल बोलायला त्यावर कितीशी जागा मिळणार? स्थानिक लोकांनी या निर्णयाला विरोध केला. तरीही १९८५ मध्ये पीजचं प्रक्षेपण थांबलं.

डेअरी राहिली, मनोरा का गेला?

पीजच्या गोष्टीतला सगळ्यात विचार करण्यासारखा भाग इथे आहे.

संध्याकाळी ज्या इमारतीसमोर बसून गावकरी टीव्ही पाहायचे, ती अनेक गावांत दूध सोसायटीची इमारत होती. पीजचा मनोरा गप्प झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीही तिथे सकाळ-संध्याकाळ दूध घेतलं गेलं असणार. आज चाळीस वर्षांनंतरही घेतलं जातं.

दोन्ही गोष्टी गावासाठी होत्या आणि दोन्ही लोकांना हव्या होत्या. फरक मालकीचा होता. दूध संघ सभासदांचा होता. दूध घालणारा माणूस त्याचा भागधारक होता, त्याला मत होतं. दिल्लीत बसलेल्या कुणालाही एखादा शीतकरण संच उचलून दुसऱ्या राज्यात पाठवता आला नसता. टीव्ही केंद्रात मात्र गावकरी प्रेक्षक होते, कलाकार होते, सल्लागारही होते. मालक कधीच नव्हते.

आणि कायद्याने ते होऊही शकत नव्हते. १८८५ च्या इंग्रजांच्या टेलिग्राफ कायद्यानुसार प्रसारणाचा अधिकार फक्त सरकारकडे होता. सहकारी सोसायटी काढून दूध विकता येत होतं, पण टीव्ही केंद्र चालवता येत नव्हतं. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. पीज बंद होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

पीजनंतर काय उरलं?

काम पूर्णपणे वाया गेलं नाही. इस्रोने अहमदाबादेत १९८३ मध्येच ‘विकास आणि शैक्षणिक संज्ञापन विभाग’ सुरू केला होता. १९९६ मध्ये या विभागाने मध्य प्रदेशातल्या आदिवासीबहुल झाबुआ जिल्ह्यात, पुन्हा उपग्रहाच्या मदतीने, नवा प्रकल्प सुरू केला. सुरुवात १५० गावांपासून झाली. आधी गावात जाऊन अभ्यास करायचा, मग लोकांच्या बोलीत कार्यक्रम बनवायचा आणि नंतर परिणाम तपासायचा, ही खेड्यातली पद्धत तिथेही होती. २००४ मध्ये शिक्षणासाठीचा स्वतंत्र उपग्रह ‘एज्युसॅट’ गेला.

मालकीचा प्रश्न मात्र टीव्हीत सुटला नाही. त्याचं अर्धं उत्तर रेडिओने दिलं. २००६ मध्ये सरकारने सामुदायिक रेडिओचं धोरण बदललं आणि शिक्षणसंस्थांबरोबर स्वयंसेवी संस्थांनाही परवाने मिळू लागले. साताऱ्यातल्या माण तालुक्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ हा रेडिओ याच वाटेने आला. दुष्काळी भागातल्या बायका तिथे आपल्या भाषेत आपल्या प्रश्नांवर बोलतात. हा पीजच्याच कल्पनेचा पुढचा टप्पा म्हणता येईल. फरक इतकाच की हे केंद्र स्थानिक संस्थेचं आहे. पण सामुदायिक रेडिओला अजूनही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फक्त आकाशवाणीच्या बातम्या ऐकवता येतात. सामुदायिक टीव्हीसाठी तर असं धोरणच नाही.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्यांत केबलवाल्यांनी आपापली ‘लोकल चॅनेल’ काढली. गणपतीच्या मिरवणुका, शाळांची स्नेहसंमेलनं, स्थानिक नेत्यांचे वाढदिवस त्यावर दिसायचे. भाषा आणि माणसं स्थानिक होती, पण पैसा स्थानिक जाहिरातदारांचा होता. किमान वेतन न देणारा माणूसच प्रायोजक असेल तर किमान वेतनावर कार्यक्रम कसा होणार, हा प्रश्न तिथे होताच.

दरम्यान दूरदर्शनचे जमिनीवरचे जुने ॲनालॉग प्रक्षेपकही इतिहासजमा झाले. २०२२ पर्यंत, सीमेवरचे आणि संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचे थोडे वगळता, देशभरातले हे प्रक्षेपक बंद करण्यात आले.

आज याचा काय संबंध?

आज कुठल्याही गावातला तरुण मोबाइलवर व्हिडिओ बनवून जगाला दाखवू शकतो. एक किलोवॅटचा मनोरा, सरकारी परवाना, यातलं काही लागत नाही. मग पीजची गोष्ट जुनी झाली का?

तंत्राच्या बाबतीत नक्कीच झाली. पण प्रश्न तोच आहे. गावातल्या पाणंद रस्त्याचा किंवा रोजगार हमीच्या थकलेल्या मजुरीचा व्हिडिओ किती लोकांना दिसणार, हे आज दूरच्या कंपनीचा अल्गोरिदम ठरवतो. खातं बंद झालं तर दाद मागायला जवळचं कार्यालय नाही. कॅमेरा आपला आणि आवाजही आपला, पण मनोरा दुसऱ्याचाच आहे.

पीजने दहा वर्षांत दोन गोष्टी दाखवून दिल्या. गावातल्या माणसाला गंभीर विषयावरचा टीव्ही कळतो, आवडतो आणि बनवताही येतो, ही पहिली. तो टिकवायचा तर कार्यक्रमाबरोबर यंत्राची किल्लीही त्याच्याकडे असावी लागते, ही दुसरी. पहिली गोष्ट सिद्ध केल्याबद्दल खेड्याला पुरस्कार मिळाला. दुसरी गोष्ट गावकऱ्यांना मनोरा गप्प झाल्यावर कळली.